माहीम कॉजवेची वाळू आणि बाबांची चढाई

कबड्डी खेळताना माझ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि त्यानंतर कितीतरी महिने मी नुसती चालत होते. मग एका शुक्रवारी माझी फिजिओ म्हणाली, "आता धाव. मऊ वाळूत, थोडंसंच." घरी येऊन सांगितलं, तर बाबा लगेच मोबाइलवर ओहोटीची वेळ बघायला बसले. मूळचे मालवणकडचे, त्यांना समुद्राचं निमित्तच हवं असतं. रविवारी दुपारी आम्ही दोघं घाटकोपरहून माहीमच्या किनाऱ्याला निघालो. मी उड्याच मारल्या असत्या, पण तेवढी परवानगी नव्हती!

तुम्ही जाणार असाल तर ऐका. रिक्षा वांद्र्यापर्यंतच. बीकेसीतून गेलो, अडीचशेच्या आत झालं. खाडीपलीकडे रिक्षा जात नाही, म्हणून कॉजवे पायी ओलांडायचा, आणि तीच तर मजा आहे! एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला अख्खाच्या अख्खा सी लिंक. माहीमला उतरलं की उजवीकडे किनारा. पूर्वी इथून नाक दाबून जावं लागायचं, आता बरीच साफसफाई झालीय. तरी पाण्यात शिरू नका. आणि ओहोटी गाठाच, भरतीला वाळू फारशी उरत नाही.

वाळू झकास होती. ढेपाळले ती मीच. धावायचं म्हणून पाय उचलायचे आणि परत चालायलाच लागायचे. लिगामेंट तुटतानाचा गुडघ्यातला तो 'कट्' आवाज डोक्यातून जाईना.

"हळू गो बाय," बाबा मागून.

"बाबा, मी उभी आहे!"

पलीकडे कोळीवाड्यातल्या मुली वाळूत पायाने रेघ ओढून कबड्डी खेळत होत्या. त्यांची कप्तान ओरडली, "ताई, एक भिडू कमी आहे, येतेस?"

"तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," बाबा मध्ये पडले.

"मग तुम्ही या ना काका!"

मला वाटलं, हसून सोडून देतील. पण बाबांनी पँट दुमडली, चष्मा माझ्या हातात दिला आणि थेट चढाईला गेले! मुलींनी आधी काकांना जरा मान दिला. त्यांनी एकीला शिवलं, तसा मान संपला. चौघी एकदम तुटून पडल्या. बाबा धाडकन पालथे पडले आणि उठेनात.

"बाबा!"

पोचले तर ते पडल्या पडल्याच रेघेकडे हात लांबवत होते, तोंडाने अजून कबड्डी-कबड्डी!

"लागलं का कुठे?"

त्यांनी वर पाहिलं. डोळे मोठे झाले. "अगो, तू धावलंस!"

मागे वळले. वाळूत माझ्या पावलांचे खोल, लांब लांब ठसे. पहिलं पाऊल कधी टाकलं ते मला आजही आठवत नाही. मग मात्र थांबले नाही. ऊन उतरेपर्यंत किनाऱ्याने धावले, हळू, वेडीवाकडी, आणि मुली टाळ्या पिटत होत्या.

संध्याकाळी कोळीवाड्यात बायकांनी स्टॉल मांडले होते. कुरकुरीत बोंबील, तांदळाची भाकरी. बाबांच्या केसांतली वाळू ताटात पडत होती. पोटभर जेवलो.

घरी बाबांच्या पाठीला बाम, माझ्या गुडघ्याला बर्फ आणि दोघांना आईची बोलणी. गुडघा थोडा सुजला होता. सोमवारी फिजिओने तो दाबून पाहिला, अशी एकदम पळत सुटल्याबद्दल रागावली, मग विचारलं, "धावताना भीती नाही वाटली?"

"वाटली ना," मी म्हणाले. "पण गुडघ्याची नाही."