सूर्याला सागवानाचं सरपण

“अर्धं पुस्तक सरलं, अन् एकही माणूस जेवला नाही!” मावसाजी परसातल्या विहिरीपाशी उभं राहून माझ्यावर ओरडत होते. आत खाटेवर पडलेल्या मावशीला ऐकू जाऊ नये म्हणून ते, त्यांच्या मते, कुजबुजत होते. ही कुजबुज कोसांवरच्या लामता गावाला पोचायची आणि तिथली ढोरं चरायचं सोडून माना वर करायची. “सूर्य विझून राह्यला, अन् हे लेकाचे नुसते बोलून राह्यले. कंदिलाची वात तरी वर करा ना कोणी!”

पुस्तकाशी इतकं मनापासून भांडणारा माणूस बालाघाटात काय, अख्ख्या मध्य प्रदेशात दुसरा झाला नाही. मावसाजी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत होते. ओंडक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून तो भरीव की पोकळ ते सांगायचे, आणि ही टकटक पुढे टरबुजाला, दाराला आणि भावी जावयाच्या पाठीलाही लागू झाली. जावई भरीव निघाला, म्हणून लग्न झालं.

घरात खरी वाचणारी मावशी. मावसाजींचं काम पुस्तक वाजवून आणायचं. त्या साली मावशीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बसल्या. डॉक्टरांनी बजावलं, डोळ्यातून टिपूस यायला नको आणि डोकं हलायला नको. टाका तुटला तर डोळा गेला समजा. मावशी म्हणाली, मी निजून राहीन, पण मले गोष्ट पाहिजे. मावसाजी तडक नागपूरला गेले. दुकानदारानं एक जाडजूड कादंबरी काढली. परदेशात गाजलेली, अभिजात, विज्ञानातली अद्भुत कथा, आता मराठीत आलेली. विज्ञान म्हणजे धरण, वीज आणि ट्रॅक्टर, एवढं मावसाजींना ठाऊक. त्यांनी टकटक केली. भरीव!

भरीव होतीच, पण अंधारानं. पृथ्वीवर एकच शहर उरलेलं, यंत्रांनी जादू करणारा एक दुष्ट म्हातारा, आणि उजेड शोधायला वेशीबाहेर निघालेली एक पोर. मावसाजी रोज संध्याकाळी ती मावशीला वाचून दाखवायचे. ओंडका दोन्ही टोकांनी तपासायची सवय, म्हणून अर्ध्यावर आल्यावर त्यांनी शेवटचं पान पाहून घेतलं. पोर परत येत नाही, सूर्य विझतो, सगळे मरतात. म्हणून ती विहिरीवरची कुजबुज. “तुझी मावशी त्या पोरीवर जीव लावून बसली,” ते म्हणाले. आवाज एकाएकी खरंच खाली आला होता. “रडली तं डोळा जाईल. काय करू मी आता?”

त्यांनी काय केलं ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. त्याच संध्याकाळी पुस्तक उघडून नाकासमोर धरलं आणि वाचायला लागले. पोर वेशीबाहेर पडली ती थेट वैनगंगेवर आली, किरनापुरात एका बाईकडे पोटभर भात-वरण जेवली. म्हाताऱ्या जादूगाराला जंगल खात्यात चिकटवून दिलं, तिथे साहेबाच्या धाकानं तो सुधारला. सूर्याला सरपण पाहिजे, तर डेपोतलं सागवान बैलगाड्या भरभरून निघालं. प्रत्येक ओंडक्यावर मावसाजींची टकटक; पोकळ लाकूड सूर्याला चालत नव्हतं. सूर्य असा भडकला की लांजीत पोरीच्या लग्नाला मांडवावर दुहेरी छत घालावं लागलं.

शेजारपाजार ऐकायला ओसरीभर जमायचा. मग नवीच पंचाईत झाली. मावशीला हसू आवरेना, आणि हसण्यानं डोकं हलायला लागलं. शेवटी शेजारच्या काकूंनी उशाशी बसून तिचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं, आणि मावसाजींनी लग्नातला बँड रद्द केला.

पट्ट्या निघाल्या. मावशीला सगळ्यात आधी मावसाजी दिसले. ते तोंड फिरवून नाक शिंकरत होते. पुस्तक मात्र त्यांनी माळ्यावर अशा कोपऱ्यात टाकलं की उंदरांनाही सापडू नये.

परवा माळा झाडताना ते माझ्या हाती लागलं. मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशी उन्हात तांदूळ निवडत बसली होती, चष्म्याशिवाय. मी शेवटचं पान वाचून पाहिलं आणि हळूच विचारलं, “मावशी, यात शेवटी सगळे मरतात. तुले माहीत होतं?”

“हौ,” सुपातला खडा वेचत ती म्हणाली. “पान उलटल्याचा आवाजच येत नव्हता.”