चिमाआबा आगीला गेले नाहीत

चिमाआबा माझ्या घरापासून चौथ्या दारात राहायचे, तरी मला ते फारसे ठाऊक नव्हते. मुंबईत ते एका गिरणीच्या बंबावर होते. कापसाला आग लागली की विझवायला आत शिरायचे, एवढेच मला माहीत. आत काय पाहिले ते मी कधी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. लिहायची मला सवय नाही, चुकेलही. पण गावाने त्यांच्याशी जे केले त्याचा राग अजून निवलेला नाही.

एकोणीसशे अडुसष्टच्या सुमारास ते मार्गासनीजवळच्या आमच्या वाडीत परत आले, ते खोकतच. भोरच्या डॉक्टरांनी बजावले की छातीत धूर बसलाय, आता धुराच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. आबांनी ते मनावर घेतले. बिडी टाकली. पहाटे ओढ्यापर्यंत चालू लागले. बनाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, चूल घरातून काढून मागच्या पडवीत मांडली.

"आगीत शिरणारा गडी बायकोच्या चुलीला भ्यायला," वाडीतला गेनबा पारावर म्हणाला आणि सगळे हसले. उभा जन्म धूर गिळलेल्या माणसाला जगावेसे वाटते, यात हसण्यासारखे काय होते ते मला आजही कळत नाही.

आमच्याकडे भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून पेटवायचे. ते सकाळी, वारा पडलेला असताना पेटवावे हे पोराटोरांनाही माहीत. गेनबा मात्र जेवून, पान लावून, भर दुपारी पेटवायचा. आबा आले त्याच वर्षी त्याची आग डोंगराच्या गवतात शिरली. गाव धावले ते आबांच्या दाराकडे. आबा गेले. आग विझली, गावाने वाघ म्हणून पाठ थोपटली, आणि आबा पाऊस सुरू झाला तरी अंथरुणात बसून श्वास ओढत होते. गेनबा विचारपूस करायला एकदाही फिरकला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा दुपारीच काडी लावली. मला विचाराल तर ती आबांच्या जिवावरच लावली. बंबवाला गावात आहे, मग वाऱ्याकडे कोण बघतो? आग पुन्हा डोंगरात शिरली, पुन्हा दारात गर्दी. बनाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. आबांनी त्यांना हाताने बाजूला केले, बाहेर आले आणि ओट्यावर बसले.

"डोंगर तिकडं हाय. हितं काय करताय?"

"आबा, तुमचं कामच हाय ते," गेनबा म्हणाला.

"व्हतं. आता श्वास घ्यायचं काम हाय. ओल्या डहाळ्या तोडा न् बडवा. म्या येणार न्हाई."

लोक नाही नाही ते बोलले. बायकोच्या बांगड्या भरा, असेही कोणी म्हणाले. आबा बसून राहिले. शेवटी सगळ्यांनी डहाळ्या तोडल्या आणि दिवस मावळेपर्यंत आग बडवून विझवली. तीही विझली, बघा. फक्त वाडीतल्या साहेबरावची गवताची गंजी गेली, आणि तिचा दोष आला आबांवर. पेटवणाऱ्याला कोणी अवाक्षर बोलले नाही. त्या लग्नसराईत आबांच्या घरी एकही आमंत्रण गेले नाही. आगीत मेले असते तर ह्याच लोकांनी देवळात हार घालून फोटो लावला असता. जिवंत राहिले, म्हणून वाळीत टाकले.

त्याच्या पुढच्या वर्षी गेनबाने राब भल्या सकाळी भाजला. का, ते त्याने सांगितले नाही आणि त्याला कोणी विचारलेही नाही.

मी नंतर भावाच्या शेतीवर भोंगवलीला गेलो. आबा मला पुन्हा भेटले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी ते वेल्ह्याच्या रस्त्याला दिसले, खांद्याला पिशवी. मी विचारले, कुठे निघालात?

"भाचीकडं, वरच्या वाडीला."

"लई चढ हाय की, आबा."

"हाय. मधी दोनदा बसतो न् जातो."

"ऊन व्हायच्या आत पोचा."

"व्हय, निघतोच."