तारखा रुषीभाऊंनी खोडल्या नव्हत्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — नोकरी का सुटली, दारू कधी धरली, कशी सोडली. हे मात्र नाही. मित्रांना नाही, भावाला नाही. आता तुमच्यासमोर लिहायला बसलोय, तरी हात सारखा दुसरीकडे वळतोय. आधी दुसरंच काहीतरी सांगावंसं वाटतं.

मग दुसरंच सांगतो. मी चंद्रपुरात मुलांना वेबसाइट तयार करायला शिकवतो. मुलं मला खडूस समजतात. कुणी पासवर्ड सरळ पानातच लिहून ठेवला, कुणी झालेली चूक गुपचूप गिळून वर 'काम झाले' असा हिरवा संदेश दाखवला, की माझा आवाज चढतो. 'कुणी काय खोडलं, कधी खोडलं, याची नोंद कुठे आहे?' हा माझा ठरलेला प्रश्न. मागच्या बाकावरची पोरं माझी नक्कल करतात. एकदा एकानं विचारलंच, "सर, डबा खाल्ला त्याचीबी नोंद ठेवू काय?" सगळे हसले. मीही हसलो.

त्यांना वाटतं, सरांना शिस्तीची आवड आहे.

लोक वाईट कोड म्हणजे गबाळा कोड समजतात. माझा कोड गबाळा नव्हता. ओळी नीट आत-बाहेर मांडलेल्या, प्रत्येक भागावर मराठीत टीप. तो पाहून कुणीही म्हटलं असतं, पोरगा हुशार आहे. म्हणतही होते. वाईट कोड दिसायला वाईट असतोच असं नाही — तो बिघडल्यावर दोष कुणाच्या अंगावर जातो, ते बघावं लागतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी असेल. आमच्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे या नाटकांचं गाव. रस्त्याच्या कडेनं नाट्यमंडळींच्या कचेऱ्या उघडतात आणि गावोगावची माणसं येऊन नाटक ठरवून जातात — अमुक तारखेला आमच्या गावी. त्या तारखेला गावात प्रत्येक घरी पाहुणे असतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीची बोलणी होतात. तारीख म्हणजे त्या गावाचा वर्षाचा सण.

तिथल्या एका मंडळीच्या मालकांना मी वेबसाइट बनवून दिली. तेव्हा तिशीतला होतो, संगणकाच्या शिकवण्या घ्यायचो, दोन-तीन दुकानांची पानं केली होती आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. मालक वडशात बसायचे. तारखा ठरवत फिरायचं काम रुषीभाऊंकडे. रुषीभाऊ पूर्वी त्याच मंडळीत विनोदी भूमिका करायचे. गुडघे गेले तेव्हा रंगमंच सुटला, पण बोलण्यातलं नाटक सुटलं नाही. मी म्हटलं, आता कुठेही असा — आरमोरीत, कुरखेड्यात — सायबर कॅफेत जा, पान उघडा, रिकामी तारीख बघा आणि भरा. वडशाला फोन करायची गरज नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या इंटरनेटले सांगून ठेवा. नाटक पाहाले याचं असन तं चटई आपली आनाची."

ते मला मास्तर म्हणायचे. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस.

पानावर आधी पासवर्ड होता. रुषीभाऊंना तो जमेना. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं — कुठल्या तरी कॅफेतून फोन यायचा, "मास्तर, कुलूप उघडून नाई राह्यलं." शिकवणीच्या मध्ये फोन. जेवताना फोन. एके दिवशी मी वैतागून पासवर्ड काढूनच टाकला. त्यांच्या सोयीसाठी काढला, असं त्यांना सांगितलं. खरं तर माझ्या सोयीसाठी. पानाचा पत्ता तीनच माणसांना माहीत, कोण येणार आहे तिथे?

प्रत्येक तारखेसमोर 'रद्द' असा एक दुवा होता. त्यावर बोट दाबलं की चौकट यायची — 'नक्की रद्द करायचे?' हो म्हटलं की तारीख साफ. कुणी खोडली, कधी खोडली, काही उरायचं नाही. ती चौकट बघून मालक खूश झाले होते. दोनदा दाबावं लागतं, म्हणजे चुकून काही व्हायचं नाही. मी मान डोलावली. मला ठाऊक होतं का, की ती चौकट फक्त माणसाला दिसते, दुवा मात्र तिच्यावाचूनही उघडाच असतो? ठाऊक होतं. पुस्तकात होतं ते — खोडण्याचं काम साध्या दुव्यावर ठेवू नका, कुलपाआड ठेवा. वाचलं होतं. वडशाच्या नाटकवाल्यांसाठी एवढं कोण करतो, असं वाटलं होतं.

आणि मग मला मिरवायची हौस आली. मालकांनी आपलं नाव इंटरनेटवर शोधावं आणि ते सापडावं, म्हणून मी त्या साइटचा पत्ता शोध घेणाऱ्या एका कंपनीकडे स्वतः नोंदवला. या कंपन्यांचे प्रोग्रॅम साइटवर येतात, पान वाचतात आणि पानावरचा प्रत्येक दुवा उघडून पुढे काय आहे ते पाहतात. त्यात वाईट काही नाही, तेच त्यांचं काम. माझ्या पानावर दुवे कसले होते, ते तुम्हाला आता सांगायला नको.

तो आला, त्यानं समोर दिसलेले दुवे एकामागून एक उघडले आणि गेला. चौकट त्याला दिसलीच नाही. जवळच्या काही तारखा साफ झाल्या.

रुषीभाऊंना कुठल्याशा कॅफेत त्या रिकाम्या दिसल्या. त्यांना वाटलं, गावानं मालकांना सांगून रद्द केलं असेल. त्यांनी त्या दुसऱ्या गावांना दिल्या. मालकांना त्या जागी दुसरी गावं दिसली. त्यांना वाटलं, रुषीभाऊंनी बदल केला असेल. पंधरवडाभर कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरज पडू नये, म्हणून तर मी ते पान केलं होतं ना?

मग कुरखेड्याकडच्या एका गावची माणसं सकाळी कचेरीत आली, रंगमंचाची गाडी कधी निघते ते विचारायला. मंडळी त्या दिवशी ब्रह्मपुरीकडे जाणार होती. मालकांनी मला फोन केला तेव्हा मागून आवाज येत होते. "आमची तारीख तिसऱ्याले देल्ली काऊन?" असं कुणी तरी ओरडत होतं. मालक म्हणाले, "सर, लवकर या. अजून दोन गावांचा असाच घोळ दिसून राह्यला."

निघण्याआधी मी माझ्या संगणकावर बसलो. पानात खोडल्याची नोंद नसली, तरी जिथे साइट ठेवली होती तिथे कोण येऊन गेलं हे दिसत होतं. त्या प्रोग्रॅमचं नाव, आणि खाली रद्द, रद्द, रद्द — दोन दुव्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही. माणसाच्या बोटाला ते शक्यच नव्हतं. म्हणजे मला कळलं. नीट, पूर्ण कळलं. वडशाला जाण्याआधीच कळलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या गोंधळात मला नेमकं काही उमगलं नव्हतं.

गोंदियाच्या गाडीत बसलो. मूल स्टेशन गेलं, नागभीड गेलं, दोन्हीकडे कापलेल्या धानाच्या बांध्या, रिकामी शेतं. सांगायचं वाक्य मी तयार केलं होतं. चूक माझी आहे. एवढंच तर होतं.

कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या कचेऱ्यांची माणसंही गंमत बघायला आलेली. रुषीभाऊ भिंतीशी बाकावर बसले होते. तारीख गेलेल्या गावचा एक म्हातारा जमिनीवर बसून एकच म्हणत होता, "जावई येऊन बसला ना जी घरी. त्याले काय सांगू मी?"

मालकांनी रुषीभाऊंकडे पाहिलं. "किती पैसे भेटले तुले त्या ब्रह्मपुरीकडच्या गावाकडून?"

"काही नाई, मालक. पोरीची शपथ. मले रिकामी दिसली, मी देल्ली."

"आपोआप रिकामी झाली?" मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्ही सांगा. मशीन आपल्या मनानं तारीख खोडते काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेजारचे मालकही — त्यातल्या दोघांनी पुढच्या हंगामासाठी माझ्याकडे साइटची चौकशी केली होती. रुषीभाऊही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मास्तर आले, आता मास्तर सांगतील, असा तो चेहरा होता.

मी म्हणालो, "नाही. मशीन आपल्या मनानं काही खोडत नाही. कुणीतरी दाबल्याशिवाय होत नाही."

"आणि दोनदा दाबावं लागते ना?"

"हो. दोनदा."

माझ्या चौकटीनं त्यांना चोर ठरवलं. चुकून झालं, असं म्हणण्याचीही सोय राहिली नाही. बाहेर कुणी तरी म्हणालं, "बुढ्यानं शेवटी नाटक केलंच." लोक हसले. रुषीभाऊ उठले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. गर्दीतून वाट काढत बाहेर गेले.

त्याच संध्याकाळी वडशाच्याच एका कॅफेत बसून मी पासवर्ड परत घातला, दुव्याच्या जागी बटण केलं, खोडणाऱ्याची नोंद ठेवायची सोय केली. चहा निवायच्या आत झालं. एवढंच काम होतं ते. मालकांना म्हटलं, पुन्हा असं कुणी करू नये म्हणून पक्कं करून दिलं. त्यांनी पाठ थोपटली. पुढच्या हंगामात त्या दोन मंडळींचं कामही मला मिळालं. रुषीभाऊंना वडशात कुणी उभं केलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. मलाही ही इथेच संपवता आली असती.

बऱ्याच वर्षांनी ते मला भद्रावतीच्या बस स्टँडवर दिसले. माजरीला मुलीकडे राहत होते, जावई खाणीत कामाला. काठी आली होती. मी पाठ फिरवायच्या आत त्यांनीच हाक मारली, "ओ मास्तर! वळखलं नाई काय?" बळजबरीनं चहा पाजला. माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "इंटरनेटले चांगलंच खाऊ घालून राह्यले तुमी." मी हसलो. मला वाटलं, विसरले असतील. माणसं विसरतात.

मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मास्तर, एक सांगा. माह्या हातानंच दाबलं गेलं असन काय? दोनदा? मी लय आठवून पाह्यतो. चष्मा नवता तवा मले. त्या पोराच्या कॅफेत लाईन हळू चाले, मी उगाच टिचटिच करत राहो. मले नाई आठवत दाबल्याचं. पन मशीन तं खोटं नाई ना बोलत."

त्या वेळी भीती कसलीच नव्हती. मालक नव्हते, गर्दी नव्हती, कुठलं काम जाणार नव्हतं. एक म्हातारा माणूस आणि मी. त्यांना खरं हवं होतं आणि ते फक्त माझ्याजवळ होतं.

मी म्हणालो, "असेल, भाऊ. होऊन जातं चुकून."

त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "मंग बरं झालं," ते म्हणाले. "म्हनजे मी बेइमान नाई. अडानी आहो फक्त. पोरीले सांगतो." माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी मला धन्यवाद दिले. मी ते घेतले.

माजरी चंद्रपूरपासून लांब नाही. त्यांच्या जावयाचा नंबर त्यांनी मला त्याच दिवशी लिहून दिला होता, तो माझ्या फोनमध्ये आहे. मागच्या हिवाळ्यापर्यंत ते जिवंत होते, हे मला ठाऊक आहे. मी फोन केलेला नाही.