बहात्तरवरची सोबत

शिडाच्या बोटीतून देशोदेशी हिंडणाऱ्यांची मैत्री फार झटकन जमते. नांगर टाकून तास होत नाही तोच शेजारच्या बोटीवरून कुणीतरी रबरी होडी वल्हवत येतं, कधी ताजा पाव द्यायला, कधी पाना मागायला. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकमेकांची ऑपरेशनं आणि सुनांची गाऱ्हाणी ऐकत बसलेली असतात. जमिनीवर ज्याला तीस वर्षं लागतात ते तिथे तीन दिवसांत उरकतं. आडनाव मात्र कुणी विचारत नाही. बोटीचं नाव तेच माणसाचं नाव.

खारुताईचं नाव असंच पडलं. तिच्या नवऱ्याने जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर जुनी, बुटक्या डोलकाठीची बोट घेतली. त्याला जुने स्क्रू, दोऱ्या आणि डबे साठवायची खोड होती, म्हणून बोटीचं नाव ठेवलं 'खार'. पहिल्याच बंदरात बायको खारुताई झाली, ती कायमची. त्याआधी एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिथले दोन नियम तिच्या हाडात मुरले होते. वाजलेला फोन उचलायचा आणि दुसऱ्याचं बोलणं कान लावून ऐकायचं नाही. समुद्रावर दुसऱ्या नियमाला कुणी भीक घालत नसे. बोटींचा रेडिओ म्हणजे सार्वजनिक नळ. सोळा नंबरवर कुणी कुणाला हाक मारायची, दोघांनी मिळून बोलायला दुसऱ्या नंबरवर जायचं आणि त्यांच्या मागोमाग निम्म्या बंदराने तिथे जाऊन गुपचूप बसायचं. खारुताईला याची शिसारी होती. तिच्या या सोवळेपणाची सगळे थट्टा करत.

दुसऱ्या वर्षी 'निवांत' भेटली. ती मोठी, वेगाची बोट, तिचं इंजिन नवं कोरं. मालक निवृत्त डेंटिस्ट. पहिल्या आठवड्यातच त्याने खारुताईच्या नवऱ्याची दाढ डेकवर बसवून उपटली आणि तिथून जी गट्टी जमली ती काही विचारू नका. डेंटिस्ट तिला वहिनी म्हणू लागला, ती त्याला भाऊजी. त्याची बायको साहजिकच जाऊबाई झाली. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात, पण या दोघींचा दावा फक्त पत्त्यांपुरता. पोटची मुलगी असती तर तिला सांगितलं नसतं ते खारुताईने जाऊबाईला सांगितलं.

चार मोसम दोन्ही बोटी जोडीने फिरल्या. 'खार'चं इंजिन म्हणजे रोजची रड. दोनदा ते भर समुद्रात बंद पडलं आणि दोनदा 'निवांत' मागे वळून तिला दोरीने ओढत घेऊन आली. दर चार तासांनी बोलायचं, बहात्तर नंबरवर, असं ठरलेलं होतं. या बोलण्याला ते 'सोबत' म्हणत. "सोबत झाली का?" असं नवरा विचारायचा, चहा झाला का विचारावं तसं.

मग तो दिवस आला. तीन दिवसांच्या लांब पल्ल्याचा शेवटचा दिवस होता. आठची सोबत झाली. दहाच्या सुमारास नवरा सुकाणूपाशी बसल्या बसल्या कलंडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात लुळा पडला. किनारा चाळीस मैलांवर होता आणि वारा पडला होता. पुढे पाचेक मैलांवर 'निवांत'चं शीड नखाएवढं दिसत होतं.

रेडिओची एक रीत आहे. आधी नुसतं नाव घ्यायचं, पलीकडून ओ आली की मग काम सांगायचं. एकतीस वर्षं ऑपरेटर असलेल्या बाईकडून, जीव टांगणीला लागला तरी, रीत सुटली नाही. "निवांत, निवांत, निवांत, खार बोलतेय." पलीकडून हाक ना बोंब. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेस मात्र तिने रीत सोडली आणि यांना झटका आलाय, मागे फिरा, असं सरळ सांगितलं. सोळावर मदतीची हाक दिली. तिच्या बुटक्या डोलकाठीवरच्या एरियलमधून तो आवाज किनाऱ्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. 'निवांत'च्या उंच डोलकाठीवरून कुणी तीच हाक पुढे दिली असती तर पोचली असती. 'निवांत' गप्प होती.

त्यानंतरचे सहा तास तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर, पाय सुकाणूवर आणि रेडिओचं बटण अंगठ्याखाली धरून काढले. इंजिन कुथत होतं. ती बहात्तरवर बोलत राहिली, रिकाम्या घरात माणूस मोठ्याने बोलतं तसं. यांनी पाणी मागितलं. पाणी बाहेर आलं. आता डोळे उघडलेत. आणि एकदा, रडत, आता हे मला आत्या म्हणताहेत. नवऱ्याला लहानपणी आत्याने वाढवलं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर त्याने शेवटी बायकोला ओळखलं नाही, आत्याला हाका मारत तो चारला गेला. हे खारुताईने पुढे कुणालाही सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, बंदरावरच्या डॉक्टरलाही नाही. सगळ्यांना तिने सांगितलं की त्यांनी माझं नाव घेतलं. तिला त्याची लाज वाटायची आणि लाज वाटते याचंही वाईट वाटायचं.

बंदराच्या तोंडाशी पोचेपर्यंत भरती ओसरली होती आणि आत शिरण्याइतकं पाणी उरलं नव्हतं. पुढच्या भरतीपर्यंत ती बाहेरच थांबली, बारा तास, त्याच्यासोबत. सकाळी धक्क्यावर डेंटिस्ट डोकं धरून रडला. बॅटरी उतरली होती वहिनी, रेडिओ मेला होता, आम्हाला काही म्हणजे काही कळलं नाही. जाऊबाई तिला मिठी मारून इतकी रडली की तिलाच पाणी द्यावं लागलं. पुढचे कागदपत्र, दहन, बोटीची विक्री, सगळं त्या दोघांनी केलं. नाही म्हणायला जागा नाही. राबले बिचारे.

त्या बंदरात एकटाच बोट चालवणारा एक म्हातारा वेल्डर होता. फटकळ माणूस. तो चौथ्या दिवशी खारुताईला म्हणाला, की बॅटरी मेली होती तर हे लोक संध्याकाळी पाचला बंदरात शिरताना बंदरवाल्यांशी रेडिओवर बोलले कसे? मी ऐकलंय. खारुताईने त्याला तोंडावर सांगितलं की जळक्या माणसाला सगळीकडे धूरच दिसतो. नंतर त्याची दोन पत्रं आली, ती तिने न फोडता परत पाठवली. पुढे दोन वर्षं कुणीही 'निवांत'बद्दल अवाक्षर काढलं की ही अंगावर धावून जायची. तिच्याकडे तेवढंच उरलं होतं आणि ते ती जपत होती.

आता ती चाव्या करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहत होती. खालून दिवसभर कानस घासल्याचा आवाज यायचा. इस्पितळाच्या चौकशी खिडकीत तिला काम मिळालं होतं. लिफ्ट कुठे, एक्स-रे कुठे, मृत्यूचा दाखला कुठे, सगळं एकाच गोड आवाजात सांगायचं. बरं चाललं होतं म्हणावं, तर घरी येऊन भिंतीशी बोलायची सवय लागली होती. अशात 'निवांत'चं पत्र आलं. पुढच्या मोसमात आम्ही पुन्हा लांब निघतोय, तिसऱ्या माणसाची गरज आहे, आणि आपल्या माणसाशिवाय दुसरं कोण येणार? तू येच. खारुताईने ते पत्र सात-आठ वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, खोल्या सोडत असल्याचं मालकाला कळवलं, आणि खिडकीत तिच्या जागी येणाऱ्या मुलीला पंधरा दिवस स्वतः शिकवलं. तिच्या लेखी हा निव्वळ प्रवास नव्हता. उरलेलं आयुष्य कुणाबरोबर काढायचं, याचं उत्तर तिला मिळालं होतं.

शनिवारी दुपारी दोघं तिला न्यायला आली, दोन रात्री राहायच्या बॅगा घेऊन. सोमवारी निघायचं होतं. खारुताईने मासे तळले होते, भात केला होता, शेजारणीकडून तिसरी खुर्ची आणली होती. जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या, दाढेची गोष्ट निघाली, तिघंही पोट धरून हसली. मग खारुताई म्हणाली की यायला निघालेय खरी, पण पाण्याची भीती नाही तेवढी त्या दिवसाची वाटते. तो पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो.

डेंटिस्टने तिच्या हातावर हात ठेवला. त्याचा आवाज खरंच मायेचा होता.

"वहिनी, एक सांगू? ते आत्या म्हणाले ना, ते मनाला लावून घेऊ नका. मेंदूला मार बसला की माणूस मागे मागे जातं. त्याचा अर्थ तुम्हाला विसरले असा नसतो."

क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं, दोन वर्षं. भाताचा डाव तिने त्याच्या ताटाकडे नेला. डाव अर्ध्यातच थांबला.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

तुम्हीच की, डेंटिस्ट म्हणाला, तेव्हा, बंदरात. खारुताई म्हणाली, बंदरात मी सांगितलं की त्यांनी माझं नाव घेतलं. सगळ्यांना मी तेच सांगितलंय. दुसरं मी एकदाच बोलले, आणि ते बहात्तरवर.

जाऊबाईने हातातला घास ताटात ठेवला. डेंटिस्टने आधी कानावर हात ठेवून पाहिले. कुणाकडून तरी कळलं असेल, वेल्डरने सांगितलं असेल. पण वेल्डर त्या दिवशी बंदरातच होता, आणि तिथवर 'खार'चा आवाज पोचला असता तर रडं कशाचं होतं? मग तो हळूहळू खाली बसत गेला, खुर्चीत होता तिथेच. सगळं बाहेर आलं. पहिली हाक आली तेव्हा त्याला वाटलं, झालं, पुन्हा इंजिन बंद पडलं. पुन्हा मागे वळायचं, पुन्हा दोरी, म्हणजे भरती हुकणार आणि पुढचे बारा तास बंदराबाहेर हेलकावे खात बसायचं. जरा वेळ ऐकू न आल्यासारखं करू, इंजिन त्यांचं ते सुरू करतील. दुसऱ्या हाकेलाही तेच. तिसऱ्या हाकेला झटक्याचं कळलं.

"पण तोवर दोन हाकांना ओ दिली नव्हती, वहिनी. तिसरीला कोणत्या तोंडाने देणार होतो? मग जितका वेळ गेला तितकं जास्तच अवघड होत गेलं."

खारुताईला हे कळलं. तिला तेच भयंकर वाटलं, की हे कळण्यासारखं आहे. भित्रा माणूस असाच वागतो. एक लहानसा चुकारपणा झाकायला त्याने तिच्या नवऱ्याचा जीव जाऊ दिला, आणि नंतर पश्चात्तापाने तिच्या दाखल्यांसाठी रांगा लावल्या. त्याच्यावर ओरडावं असंही तिला वाटेना. तिने जाऊबाईकडे पाहिलं.

जाऊबाई रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर, इतक्या वेळाने एक चांगली गोष्ट सांगायला मिळाल्यासारखं काहीतरी होतं.

"हे बंद करत होते गं रेडिओ. मी करू दिला नाही. चार वाजेपर्यंत मी तो मांडीवर घेऊन बसले होते. तुझा शब्द न् शब्द ऐकला. म्हटलं, हे वळत नाहीत तर नाहीत, पण तू एकटी नको. कुणीतरी तुझ्या सोबत असावं."

खालच्या दुकानातली कानस चालू होती. खारुताई उभी राहिली. नवऱ्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत एक बाई पाच मैलांवर बसून, डोळे पुसत, नभोनाट्य ऐकावं तसं सगळं ऐकत होती, आणि दोन वर्षं त्याला मैत्री समजत होती. आवाज मात्र निघाला तो लहानच निघाला.

"अगं, गोष्ट ऐकणारं माणूससुद्धा मधेमधे हूं म्हणतं. सहा तासांत तुला एकदा हूं म्हणता आलं नाही?"

ती उत्तरासाठी थांबली. खरंच थांबली, कारण जाऊबाईने आता काहीही म्हटलं असतं, चुकलं म्हटलं असतं, नुसतं तिचं नाव घेतलं असतं, तरी चाललं असतं. सोमवारी जायला तिच्याजवळ दुसरी जागा नव्हती. जाऊबाईने तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

खारुताईने दोघांच्या बॅगा उचलल्या आणि जिन्यात नेऊन ठेवल्या.