बसलिंगाप्पांच्या दुकानाचा घरफाळा

रोज सकाळी सात वाजता रत्नव्वा दुकानाच्या आठ फळ्या काढते, उंबऱ्यावर पाणी मारते, गादी झटकते आणि विभूतीचं बोट कपाळाला लावून झालं की तेच गल्ल्यालाही लावते. मग आत जाऊन चहा ठेवते. दुकानात कोणी बसत नाही. बसणारा माणूस चार वर्षांपूर्वी गेला.

दुकान दाव्या-कासऱ्यांचं. म्हशींची दावी, बैलांचे कासरे, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, पाडव्याला म्हशी नटवायच्या तर घुंगुरमाळा. रत्नव्वा लग्न होऊन आली ती गडहिंग्लजच्या पलीकडच्या कानडी गावातून. मराठीचा म येत नव्हता. सासू बोलायची आणि ही नुसती मान हलवायची. शेवटी नवऱ्यानं, बसलिंगाप्पांनी, तिला दुकानात बसवून घेतलं आणि एकेक जिन्नस हातात देऊन नाव शिकवलं. हे दावं. ही म्होरकी. हा कासरा. आता सांगा, नव्या नवरीला कुणी पहिला शब्द 'कासरा' शिकवतं का? पण ह्या बाबानं शिकवला, आणि ती शिकली. गल्लीत कुणाशीही भांडून जिंकेल इतकी पक्की शिकली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं दोर वळायची. तो पीळ द्यायचा, ही समोर टोक धरून बसायची. बोलणं फारसं नसायचं. दोर वळायला दोन माणसं लागतात हो. अजून दुपार झाली की तिचे हात उगीच चुळबुळ करतात, आणि मग तिला त्याची इतकी आठवण येते की चहा गार होऊन जातो.

गेल्या पौषात पालिकेनं गल्लीची मोजणी काढली. टेप घेऊन आलेल्या माणसाचं नाव धैर्यशील. रत्नव्वाच्या दारात तो पोचला तेव्हा दिवेलागण झालेली. त्यानं विचारलं, "काकी, दुकान चालू हाय का बंद?"

आता व्यापाऱ्याचं घर, आत नुकता दिवा लावलेला. अशा वेळी 'दुकान बंद' असं कुणाच्या तोंडून निघेल? "चालू हाय की!" रत्नव्वा म्हणाली. तेवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण त्या माणसाच्या नजरेला घुंगुरमाळ पडली. त्याच्या घरी राधानगरीकडं रेडकू होतं. "केवढ्याला?" म्हणाला. चार वर्षं दुकानात भवानी झाली नव्हती! बाईनं पन्नासची नोट घेतली, डोळ्यांना लावली, गल्ल्यात टाकली आणि वर त्याला चहा पाजला. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांनी बघितलं ते त्यानं लिहिलं.

उन्हाळ्यात बिलं आली. रत्नव्वाचा घरफाळा चौपट, कारण दुकान चालू. आणि साऱ्या गल्लीला त्याखाली आणखी एक ओळ होती, 'विशेष सुधारणा आकार'. गटाराचा आणि रस्त्याचा. गल्ली पेटलीच. गटार बांधलं होतं खरं, पण त्याचा उतार उलटा. पाणी ओढ्याकडं जायचं सोडून गल्लीतल्या तानाबाईच्या न्हाणीत शिरायचं.

"आमच्याच दारात खड्डा काढायचा आनी मजुरी बी आमच्याकडनंच घ्यायची?" तालमीचा अध्यक्ष विजयसिंह कट्ट्यावर उभा राहून ओरडला. "असली सुधारणा घेऊन जावा म्हनावं परत!"

मोर्चा निघाला. पुढं बायका, आणि बायकांच्या पुढं गटाराच्या पाण्याची बादली घेऊन रत्नव्वा. पालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर तिनं ती अलगद ठेवली आणि म्हणाली, "सुधारणा आनलीया. वास घ्या." ऑफिसात हशा पिकला, पण सुनावणीची तारीख मिळाली.

तिचा मुलगा राजशेखर वारणानगरला नोकरीला. तो सुनावणीच्या आदल्या दिवशी आला तोच अर्ज टाईप करून. दुकान कायमचं बंद झालंय असं लिहून द्यायचं, फळ्यांच्या जागी भिंत घालायची, की बिल पहिल्यासारखं. तो चुकीचं बोलत नव्हता. बिल तोच भरणार होता आणि त्याची दोन पोरं शिकत होती. "अव्वा, उगंच कशाला हे ओझं?" तो म्हणाला. रत्नव्वानं मान हलवली. सासूपुढं हलवायची, तशीच.

सुनावणीत आधी गल्लीचा नंबर. गटाराची पाहणी होईपर्यंत विशेष आकार थांबवतो, असं साहेब म्हणाले. पाहणी कधी, ते काही म्हणाले नाहीत. विजयसिंहानं तरी शिट्टी मारली.

मग रत्नव्वा खुर्चीवर बसली. साहेबांनी समोरचं रजिस्टर उघडून बोट फिरवत वाचलं. "बसलिंगाप्पा प्रभुलिंग. दोरीचं दुकान. चालू. बरोबर?"

रत्नव्वा खुर्चीत पुढं सरकली. चार वर्षांत त्याचं नाव कुणी असं घेतलंच नव्हतं. मठातले स्वामी म्हणायचे लिंगैक्य झाले. गल्ली म्हणायची बिचारे बसलिंगाप्पा. राजशेखर म्हणायचा, अप्पा असते तर.

"परत एकदा वाचा की, सायेब," ती म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, पण वाचलं. राजशेखरनं अर्ज पुढं सरकवला, पेन उघडून हातात दिलं. "अव्वा, इथं सही. अप्पांच्या जागी नाव बी वारसाचं लागंल."

तिनं पेन धरलं. कागदाकडं बघत राहिली. मग पेनाचं टोपण लावून ते मुलाच्या खिशात खोचलं.

"गटाराचा रुपाया देनार न्हाय, ते आधीच सांगते," ती साहेबांना म्हणाली. "पर दुकान चालू हाय. लिवलंय तसंच ऱ्हाऊ द्या."

राजशेखर जिन्यात भडकला. "अगं, कोन हाय त्या दुकानात? कोन चालवतंय?"

गल्लीतली माणसं खाली उतरत होती. रत्नव्वा जिन्याच्या पायरीवर बसली आणि चार वर्षांत कुणासमोर रडली नव्हती ती तिथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडली.

"कोन न्हाय रे. मला काय कळत न्हाय व्हय? रेशनकार्डात त्यांचं नाव खोडलं. बँकेत खोडलं. मतदार यादीत खोडलं. सगळीकडं मीच सही कराय उभी हुते. ह्या एका वहीत तेवढं जित्तं हायत, दुकानात बसल्यात. ते बी मीच खोडू?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "माज्या पाटल्या हायत की. त्या घे. पर हे नगं सांगू मला."

 राजशेखरही पायरीवर तिच्या शेजारी बसला.  खाली विजयसिंह हाका मारत होता, रिक्षा थांबली होती.

मग त्यानं हातातला अर्ज चार घड्या करून फाडला आणि उठला.

"हप्ते पाडून देतात का, इचारून येतो," म्हणाला, आणि परत जिना चढून वर गेला.