मुक्या फेमकेच्या आत कोण

आमच्या गल्लीत हिलेगोंडएवढ्या धीराची बाई दुसरी नव्हती. प्लेगच्या उन्हाळ्यात तिने नवरा पुरला, दोन मुलगे पुरले, आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा कामाला बसली. आमच्या लायडनात निम्मं गाव लोकरीवर जगतं. मागावरून उतरलेल्या कापडातल्या गाठी नि काड्या वेचायच्या, हे तिचं काम. पोटची एक मुलगी उरली होती, फेमके. जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. आईशेजारी बसून तीही गाठी वेचायची. तर अशी ही बाई एका वाक्याला भ्याली. मी शेजारीण, मी ते डोळ्यांनी पाहिलं.

ते वाक्य घरात आणलं वाउटरने. वाउटर म्हणजे हिलेगोंडचा माडीवरचा भाडेकरू, विद्यापीठात वैद्यकी शिकणारा. हडकुळा, गोड बोलणारा, जिना चढताना बूट हातात घेणारा. त्या वर्षी सगळ्या पोरांना एका फ्रेंच तत्त्वज्ञाचं वेड लागलं होतं. हाही जेवताना आम्हाला शिकवायचा: माणूस म्हणजे दोन वस्तू. एक शरीर, ते नुसतं यंत्र. दुसरं मन, ते विचार करतं, त्याला ना लांबी ना रुंदी. जनावरांना म्हणे पहिलीच वस्तू असते, दुसरी नाहीच.

"आणि माझ्या नवऱ्याला?" मी विचारायची. पोरगा हसायचा. तेव्हा मलाही हसू यायचं.

मग एका दुपारी मागच्या खोपटातून असा आवाज आला की माझ्या हातातलं सूत तुटलं. मी आणि हिलेगोंड धावलो. गल्लीतला तांबडा कुत्रा फळीवर पालथा बांधलेला, चारी पाय ताणलेले, आणि वाउटर बाह्या सारून त्याच्या जिवंत अंगात सुरी चालवत होता. काळीज कसं चालतं ते बघायचं होतं म्हणे.

"मुडदा बशिवला तुझा! सोड त्याला!" मी ओरडले.

"बार्ताबाई, रागावू नका," तो अगदी शांतपणे म्हणाला. "त्याला काही होत नाहीये. गाडीचं चाक कुरकुरतं, तेव्हा चाकाला दुखतं का?"

"चाक माझ्या हातची मासळी खात नाही, मेल्या!"

पण कुत्रा तोवर संपलाच होता. वाउटरने बादलीत हात धुतले. हिलेगोंड दाराला धरून उभी होती. तिने हळूच विचारलं, "मग माणसाच्या आत कुणी आहे, हे कशावरून ओळखायचं रे?"

"सोपं आहे. माणूस बोलतो."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. पोरगा वाईट नव्हता हो, कानांपर्यंत लाल झाला. म्हणाला, "म्हणजे, काही मुके खुणांनीही बोलतात."

"माझी करते की खुणा. भाकरी मागते, पाणी मागते."

"ते कुत्राही मागतो, बाई. मागण्यापलीकडचं काही? कधी काही विचारलंय तिने तुम्हाला?"

हिलेगोंडला आठवेना. ती घाईघाईने म्हणाली, "अरे, पण तिचं काम बघ ना! आजवर एक गाठ सुटली नाही तिच्या नजरेतून!"

"घड्याळही चुकत नाही," वाउटर म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून हिलेगोंडची पाचावर धारण बसली. ज्या बोटांचं कौतुक ती बाजारभर सांगत फिरायची, त्या बोटांकडे तिला बघवेना. फेमके कापडावरून हात फिरवायची, थांबायची, गाठ उचलायची, पुन्हा फिरवायची, आणि आई भिंतीकडे तोंड करून बसायची. पोर हसली की ही दचकायची. मला म्हणाली, "बार्ता, मुलगे देवाकडे गेलेत, मीही जाईन. पण हिच्या आत कुणी नसेलच, तर तिकडे येणार कोण गं?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला! तो दीडशहाणा काहीही बरळतो. चर्चमध्ये जाऊन पाद्रीबुवांना विचार."

"आणि तेही नाही म्हणाले तर?"

खरं सांगते, मीही भ्याले होते. माझा नवरा वाटाण्याचं सार ओरपायचा, चमचा वर, चमचा खाली, आणि माझ्या मनात यायचं, हा आहे ना आत? उगाचच मी त्याला हाक मारायची. "काय गं?" म्हणाला की जिवात जीव यायचा. हिलेगोंडला तेवढीही सोय नव्हती.

पुढच्याच आठवड्यात मी ताक घेऊन तिच्याकडे गेले. दोघी खिडकीपाशी कापडावर वाकलेल्या. हिलेगोंड लेकीकडे टक लावून बघत होती. चेहरा पांढराफटक. एकदम तिने फेमकेचा दंड धरला आणि असा चिमटा काढला, असा पिळला, की पोर कळवळली. तोंडातून आवाज निघाला, आणि देवाशपथ सांगते, तो त्या कुत्र्याचाच आवाज होता. अगदी तोच.

फेमके दंड चोळत आईकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, पळेल. पळाली नाही. जवळ सरकली. आईचा हात मांडीवर घेतला, बाही वर केली, आणि तिने हळूच चिमटा काढला. हाताकडे बघत नव्हती ती. आईच्या डोळ्यांत बघत होती, बंद घराच्या खिडकीला नाक लावून आत कुणी आहे का बघावं तशी.

"अगं, विचारतेय ती!" मी ओरडलेच. "हिलेगोंड, विचारतेय तुला!"

हिलेगोंडला रडू फुटलं. "आहे गं बाळा, मी आहे आत, मी आहे," म्हणत ती लेकीचे मुके घेत सुटली, मान हलवत सुटली. फेमकेला काय ऐकू जाणार? तिला दिसलं ते एवढंच, ओठ हलताहेत आणि डोळ्यांतून पाणी गळतंय. तिने ते नीट निरखून पाहिलं. तिची खात्री पटली नाही. तिने पुन्हा चिमटा काढला, या वेळी जोरात.