अक्काची पितळी भांडी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्या शिल्पाबद्दल कुणी विचारलं की विषय बदलायचो. अजूनही कुणी त्याचं कौतुक केलं की उठून जातो.

मी सांगलीत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर साध्या वस्तूंची शिल्पं करायला लागलो. चाळण्या, उलथनी, माधवनगरच्या बंद सूतगिरणीतल्या कांड्या. मग भांड्यांची उभी बाई करायचं डोक्यात आलं. तासगावला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, लग्नातली पितळी भांडी होती. आहेराची, म्हणून प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. मला ती अक्षरंच हवी होती.

"नुसती रचणार, तारेनं बांधणार. प्रदर्शन झालं की परत आणतो."

"आईची कळशी तेवढी जप," अक्का म्हणाली. "भावकीनं नाव मोठं घालून भांडी बारकी दिल्यात. ती वाकव न्हाईतर मोड."

रचलेली बाई डुलायला लागली. तार पुरेना. मी ड्रिल घेतलं, सगळ्यांच्या बुडाला भोकं पाडली आणि आतून गज घातला. आईची कळशी बाईच्या कमरेला बोल्टनं आवळली. बोल्टची चकती बसली ती नेमकी 'आईकडून' या अक्षरांवर. पायावर पडलेला पितळेचा कीस झटकला आणि चहा प्यायला गेलो.

प्रदर्शनाला अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आली. लोक समोशाच्या तेलकट हातांनी कळशीला धरून फोटो काढत होते. एका वार्ताहरानं विचारलं, "एवढी भांडी मिळवली कुठून?"

"भंगारातून," मी रुबाबात म्हणालो. "टाकाऊतून टिकाऊ."

टाळ्या पडल्या. अक्का माझ्या मागेच उभी होती. तिनं बोल्टवरून बोट फिरवलं.

"आरपार हाय व्हय रं?"

मी मान डोलावली.

"लय उंच झाली तुझी बाई," ती म्हणाली. "येते मी. गाडी चुकंल."

भांडी तिनं पुन्हा कधी मागितली नाहीत. शिल्प एका हॉटेलवाल्यानं नेलं. एकदा मुद्दाम बघायला गेलो. हात धुवायच्या बेसिनशेजारी उभं केलेलं. कळशीत उष्टे कागद, दात कोरलेल्या काड्या, गुटख्याच्या पुड्या, वर कुणीतरी थुंकलेलं. तिथंच मला ओकारी आली. त्या लोकांची किळस वाटली म्हणावं, तर कळशीचा कचऱ्याचा डबा त्यांच्याआधी मी केला होता.

तिथून तडक तासगावला गेलो. अक्का सुपात बेदाणे निवडत बसली होती.

"आलास व्हय? बस."

मी बसलो. तोंड उघडलं आणि विचारलं, "औंदा बेदाण्याला दर काय?"

तिनं दर सांगितला, पावसानं काय नासलं ते सांगितलं, चहा दिला. पुढच्या खेपेला गेलो तो तिच्या दहाव्याला.

हॉटेलातून तासगावला जाताना एसटीत बसून मी वाक्य पाठ केलं होतं. फार मोठं नव्हतं. अक्का, ती भांडी तुझी होती, मी चारचौघांत खोटं बोललो, मला माफ कर.